विकत घेतलेले यंत्र कोणाचे ऐकते?

मला विचारलेला प्रश्न असा : “तुम्ही इतकी वर्षे संगणकात रमला आहात. तरीही रोजच्या तंत्रज्ञानाबद्दल कधी भरभरून बोलता, तर कधी काळजीने. शेवटी या सगळ्याचा समाजावर होणारा परिणाम चांगला म्हणायचा की वाईट? आणि ज्याला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत त्याने काय करायचे?”

चांगले-वाईट या एका मापाने हे मोजता येत नाही. फोन एखाद्या दृष्टिहीन माणसाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतो, आणि तसाच फोन दुसऱ्या कोणाला मध्यरात्र उलटली तरी झोपू देत नाही. दोन्ही खरे आहे. म्हणून मी दुसरे माप लावतो. कोणतेही यंत्र किंवा ॲप हाती आले की आधी बघतो : यात काय काय अगोदरच चालू करून ठेवले आहे, ते कोणाच्या सोयीसाठी, आणि मला नको असेल तर ते बंद करणे किती अवघड आहे? रोजच्या तंत्रज्ञानाचे बहुतेक सामाजिक परिणाम इथूनच सुरू होतात असे माझे ठाम मत आहे. मुलांनी स्क्रीनसमोर किती वेळ बसावे, माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली का, या चर्चा त्यानंतरच्या.

आम्ही संगणकवाले याला डिफॉल्ट म्हणतो. तुम्ही काहीच निवडले नाही तर जे आपोआप होते ते. बहुतेक लोक सेटिंग्जच्या पानावर कधी जातच नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. त्यांना त्यांची कामे आहेत. पण यामुळे, ज्याच्या हातात डिफॉल्ट त्याच्या हातात कोट्यवधी लोकांचे वागणे, अशी स्थिती होते. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा संगणकाबाहेरचा आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अवयवदानाच्या संमतीचे आकडे मांडले. जर्मनीत दात्याने स्वतः संमती नोंदवायची पद्धत होती. तिथे संमतीचे प्रमाण सुमारे १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही तर संमती धरली जायची. तिथे ते ९९ टक्क्यांहून अधिक. दोन्हीकडे भाषा जर्मनच, राहणीमानही बरेचसे सारखे. फरक फक्त अर्जावरची खूण कोणत्या बाजूची, एवढाच.

कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे. गूगलवर अमेरिकेत मक्तेदारीचा खटला चालला तेव्हा उघड झाले की, वेगवेगळ्या फोनवर आणि ब्राउझरमध्ये आपलेच सर्च इंजिन आधीपासून असावे यासाठी या कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली. आता विचार करा. सर्च इंजिन बदलायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. कोणालाही अडवलेले नाही. तरीही एवढा पैसा ओतणे परवडते, कारण ते एक मिनिट बहुतेक जण कधीच खर्च करणार नाहीत, याची खात्री असते. “वापरणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे” असे कोणी म्हटले की मला हा आकडा आठवतो.

उलट्या दिशेचे उदाहरणही आहे. एप्रिल २०२१ मध्ये आयफोन चालवणाऱ्या आयओएस या प्रणालीच्या १४.५ या आवृत्तीपासून ॲपल कंपनीने नियम केला की, दुसऱ्या ॲपमध्ये आणि वेबसाइटवर तुमचा माग काढायचा असेल तर ॲपने आधी तुम्हाला विचारायचे. त्यापूर्वी माग काढणे चालू असायचे, आणि नको असेल तर सेटिंग्जमध्ये खोल जाऊन बंद करावे लागायचे. फोन तेच राहिले, माणसेही तीच. प्रश्न मात्र समोर येऊन उभा राहिला आणि असंख्य लोकांनी ‘नाही’ म्हटले. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले की या बदलाचा त्या वर्षातला फटका सुमारे १० अब्ज डॉलरचा असेल. म्हणजे पूर्वी जी संमती गृहीत धरली होती ती बऱ्याच अंशी संमती नव्हतीच. (यावरून ॲपलला साधुसंत ठरवू नये. जाहिरातींचा धंदा तीही कंपनी करते, आणि एका कंपनीच्या निर्णयाने दुसरीचे अब्जावधी उडतात ही सत्ताही काळजी करण्यासारखीच आहे.)

आता लक्ष विचलित होण्याबद्दल. सततच्या नोटिफिकेशनचे खापर आपण स्वतःच्या कमकुवत मनावर फोडतो. पण अँड्रॉइडवर २०२२ मध्ये तेरावी आवृत्ती येईपर्यंत नवे ॲप टाकले की त्याला नोटिफिकेशन पाठवायची मुभा आपसूक मिळायची. विचारण्याची गरजच नव्हती. न संपणारे पान, म्हणजे खाली सरकवत राहिले तरी ज्याला तळच नाही असे पान, २००६ च्या सुमारास एझा रास्किन यांनी रचले. हेतू साधा होता : ‘पुढचे पान’ हे बटण पुन्हा पुन्हा दाबायचा त्रास वाचवणे. पुढे त्यांनीच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्या बटणाचा उपयोग पान बदलण्यापुरता नव्हता. तिथे क्षणभर थांबावे लागे, आणि त्या क्षणात माणूस स्वतःला विचारू शकत असे की पुरे का आता? तो थांबा काढून टाकल्यावर थांबण्याची सगळी जबाबदारी थकलेल्या मेंदूवर आली. व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणे हाही त्यातलाच प्रकार.

याहून गंभीर मला क्रमाचा प्रश्न वाटतो. पूर्वी समाजमाध्यमांवर नोंदी वेळेनुसार दिसत : सर्वांत नवी सर्वांत वर. २०१६ मध्ये ट्विटर आणि इन्स्टाग्राम या दोघांनीही तो क्रम बाजूला ठेवून, प्रत्येकाला काय ‘आवडेल’ याच्या अंदाजावरून नोंदी रचायला सुरुवात केली. फेसबुकने ते आधीच केले होते. तांत्रिकदृष्ट्या त्यामागची अडचण खरी होती. शेकडो लोकांच्या नोंदी वेळेनुसार लावल्या तर जवळच्या मित्राची बातमी गर्दीत हरवते. पण ‘आवडेल’ हे मोजायचे कशावरून? बोट किती वेळ थांबले, बटण दाबले का, उत्तर लिहिले का, यावरून. राग आलेला माणूस थांबतो, दाबतो, लिहितो. शांतपणे वाचून सहमत झालेला माणूस पुढे जातो. ज्या मोजमापात संताप आणि आवड एकसारखे दिसतात त्या मोजमापाने चालणारी यंत्रणा कोणी दुष्ट हेतूने बनवलेली नसली तरी ती संतापालाच खतपाणी घालणार.

दुसरा परिणाम कमी बोलला जातो. एका घरातली दोन माणसे एकाच घटनेबद्दल वेगवेगळ्या क्रमाने, वेगवेगळ्या गोष्टी पाहतात आणि दुसऱ्याने काय पाहिले हे पाहायची सोय कोणाकडेच नसते. छापील वर्तमानपत्र एकांगी असले तरी ते दोघांनाही सारखेच एकांगी असे. त्यावर निदान भांडता यायचे. आता समोरचा मूर्ख किंवा खोटारडा आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्याच्यासमोर आलेली माहितीच निराळी असते. वेळेनुसार क्रम लावायचा पर्याय काही ठिकाणी आजही आहे. मिळत असेल तिथे तो लावा. पण तो डिफॉल्ट नसल्यामुळे समाजाच्या पातळीवर त्याचा उपयोग नगण्य राहतो, हेही मान्य करायला हवे.

हीच कळ चांगल्यासाठीही फिरवता येते, आणि त्याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डचे आहे. अफवा पसरतात म्हणून काय करायचे, यावर दोन टोकाची मते असायची : सगळ्यांचे संदेश तपासा, नाहीतर काहीच करू नका. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने तिसराच उपाय केला. जो संदेश आधीच अनेक हातांतून फिरून आला आहे तो पुढे एका वेळी एकाच गटाला किंवा व्यक्तीला पाठवता येईल, एवढीच मर्यादा. संदेश कोणी वाचला नाही, कोणाचे तोंड दाबले नाही, दहा जणांना पाठवायचाच असेल तर दहा वेळा पाठवा. अशा संदेशांचे फिरणे ७० टक्क्यांनी घटले असे कंपनीने त्याच महिन्यात सांगितले. आकडा कंपनीचा स्वतःचा आहे हे लक्षात ठेवूनही मला हे फार महत्त्वाचे वाटते. पसरलेल्या गोष्टींपैकी पुष्कळ गोष्टी लोकांना मनापासून पसरवायच्या नव्हत्याच. ते फक्त सोपे होते.

मालकीचा मुद्दा याच्याच पोटातला. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादावरून काही विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडल या ई-पुस्तके वाचायच्या यंत्रातून परस्पर पुसून टाकली. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण पैसे देऊन घेतलेली वस्तू विकणारा कधीही येऊन उचलून नेऊ शकतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसले. २०१६ मध्ये रिव्हॉल्व नावाचे घरगुती उपकरण, ज्यातून दिवे वगैरे चालवता येत, कंपनीने ते चालवणारे आपल्याकडचे सर्व्हर बंद केल्यामुळे पूर्ण निकामी झाले. त्यात बिघाड काहीच नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी नेहमीची अपडेट, संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर नसलेले असंख्य धडधाकट संगणक अधिकृतरीत्या मागे पडले. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या ई-कचऱ्याच्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला चौथा हिस्साही नीट गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. यंत्र तुटण्याआधी त्याचे आयुष्य दूरवरून संपवता येत असेल तर हे ढीग वाढणारच. जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून तो आणखी बरीच वर्षे चालवता येतो. मी तसे संगणक करून देत असतो आणि ब्राउझर, ईमेल, लेखन एवढेच काम असणाऱ्यांचे त्यावर उत्तम चालते.

इथे माझ्यासारख्या हौशी मंडळींशी माझा मतभेद आहे. “यंत्र माझे, मग अपडेट मी ठरवीन तेव्हाच” असे म्हणून आपोआप होणारे अपडेट बंद करायचा सल्ला अनेक जण देतात. मी देत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी घेतले नव्हते ते सापडले. आपोआप अपडेट हा डिफॉल्ट वापरणाऱ्याच्या हिताचा आहे. त्यातही दगाफटका होतो, नाही असे नाही : १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, विमाने खोळंबली. तरी घरातल्या संगणकासाठी माझे मत बदलत नाही. माझी हरकत डिफॉल्ट असण्याला नाहीच; तो कोणाच्या हिताचा आहे आणि तो बदलण्याची वाट उघडी ठेवली आहे का, यावर आहे.

ती वाट कशी बुजवली जाते याचे एक नमुनेदार उदाहरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध केलेल्या तक्रारीत आहे. प्राइम या तिच्या सशुल्क सेवेचे सदस्य होणे एक-दोन क्लिकचे काम. सदस्यत्व सोडायचे तर चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, असे आयोगाने म्हटले होते. हे अनवधानाने होत नाही. कोणीतरी बैठकीत बसून ती पाने आखलेली असतात.

आणि आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त पोटतिडीक आहे ती. वयाने मोठ्या माणसांचा संगणक किंवा फोन दुरुस्त करायला बसलो की एक वाक्य हमखास ऐकू येते : “मलाच यातले काही कळत नाही हो.” बघितले तर पडद्यावर एक भले मोठे रंगीत बटण असते आणि ‘नको’ हा शब्द फिकट करड्या रंगात कोपऱ्यात. ज्यांनी आयुष्यभर हिशेब चोख ठेवले, माणसे सांभाळली, त्यांना एक पडदा मूर्ख ठरवतो आणि ते तो ठपका निमूटपणे स्वीकारतात. रचनेचा दोष माणसाच्या माथी मारला जातो. त्यातून लाज येते, आणि लाजेतून दोन भयंकर गोष्टी होतात. एक, विचारायचेच सोडून देतात. दुसरी, फसवणूक झाली तर ती लपवतात. आणि लपवण्यात जे पहिले काही तास जातात त्यातच पैसे अडवून धरण्याची संधी निघून जाते. त्यात बँक, प्रवास, सरकारी कामे, दवाखान्याची वेळ, सगळीकडे ॲप आणि ओटीपी हाच पहिला, कधीकधी एकमेव मार्ग होत चालला आहे. ज्याच्याकडे चांगला फोन नाही, ज्याची बोटे थरथरतात, ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, त्याला मग दुसऱ्या कोणाच्या तरी हाती पासवर्ड द्यावा लागतो. त्याचे आर्थिक आणि खाजगी आयुष्य त्या दुसऱ्याच्या चांगुलपणावर टांगले जाते. खिडकीवर बसलेला माणूस आणि कागदी अर्ज हा पर्याय टिकवणे म्हणजे मागासलेपणा आहे, असे मला बिलकूल वाटत नाही.

म्हणून मदत करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती : फोन त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. शेजारी बसा, बोट त्यांचेच चालू द्या, वेळ लागू द्या. पासवर्ड त्यांनाच ठरवू द्या आणि वहीत लिहून घरात नीट ठेवू द्या. घरच्या कपाटातली वही दूरच्या चोराला दिसत नाही. अक्षर मोठे करा. फसवणूक झाल्याचे त्यांनी सांगितले तर पहिले वाक्य “बरे झाले लगेच सांगितलेत” हे असू द्या आणि दुसऱ्या क्षणी बँकेला फोन लावा.

सगळे ओझे एकेकट्याने उचलायचे, हे मात्र मला मान्य नाही. जे डिफॉल्ट खरोखर बदलले त्यांतले बरेच नियमांनी किंवा जाहीर ओरड्यामुळे बदलले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी हाच चार्जिंगचा जोड बंधनकारक झाला. फेब्रुवारी २०२७ पासून तिथे छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढून बदलता यावी असा नियम येतो आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिकॉल नावाची सोय जाहीर केली : संगणक दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवणार, पुढे शोधायला उपयोगी पडावे म्हणून. सुरुवातीला ती चालूच ठेवून द्यायचा बेत होता. सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी तिची तपासणी करून धोके दाखवले, लोक बोलले, आणि जूनमध्येच कंपनीने ती आधी बंद ठेवून, ज्याला हवी त्याने सुरू करायची असे जाहीर केले. तीन आठवड्यांच्या आत.

तांत्रिक ज्ञान नसले तरी करता येण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. नोटिफिकेशन सगळ्या बंद करून, खरा माणूस ज्या ॲपमधून तुमच्याशी बोलतो तेवढ्याच चालू करा. फोन घेताना कॅमेऱ्याआधी विचारा की सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार. काही मोठ्या कंपन्या आता सात वर्षांचे वचन देतात, बऱ्याच स्वस्त फोनना दोन-तीन वर्षेही धड मिळत नाहीत. इंटरनेटला जोडावे लागणारे कोणतेही घरगुती उपकरण घेताना, जोडणी तुटली तर ते चालेल का, हे विचारा. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा आणि त्यासाठी पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारे ॲप) किंवा ती वही वापरा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा जुना आग्रह सोडला तरी चालेल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये तो मागे घेतला, कारण सक्तीने बदलायला लावले की लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा. क्लाउडशी, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठ्याशी, जुळलेले फोटो म्हणजे बॅकअप नव्हे : फोनवरून पुसला की तिथूनही पुसला जातो.

आणि एक काम जे जवळजवळ कोणीच करत नाही. आपल्या मागे आपल्या खात्यांचे काय, हे ठरवून ठेवा. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकायचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. त्याच गूगलमध्ये निष्क्रिय खात्याची व्यवस्था लावण्याची सोय २०१३ पासून आहे : इतके महिने मी आलो नाही तर अमुक व्यक्तीला माझे फोटो आणि ईमेल मिळू द्या, असे सांगून ठेवता येते. ॲपलमध्ये वारस म्हणून एखाद्याचे नाव नोंदवता येते. त्या व्यक्तीकडे एक कोड असावा लागतो, तो छापून तिच्या हाती द्या, कारण पुढे मृत्यूच्या दाखल्यासोबत तो मागितला जातो. दोन्ही सोयी आधीपासून चालू नसतात. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या तुम्हालाच सुरू कराव्या लागतात.